वहीतला पाहुणा

मालवणच्या एस.टी. स्टँडवर मसुऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर नुकताच विलायतेहून आलेला भाऊ आणि त्याला न्यायला आलेली थोरली बहीण.

“लवू, बाबांचा श्राद्ध थंय केलंस मां?”

“केलंय गो अक्का. लॉजातल्या खोलयेत भात शिजवलंय आणि कावळ्यासाठी ताट खिडकेर ठेवलंय. नोकरान उचलून टाकल्यान.”

“परत ठेवचा मां.”

“तीनदा ठेवलंय. तीनदा ताट धुवन दारात. मगे मॅनेजराक सांगितलंय, माझो बापूस जेवूक येतलो, ताट हलवू नको.”

“मगे?”

“म्हणता, भायरचो माणूस खोलयेत चलना नाय. आधी पावण्यांच्या वहीत नाव लिवा.”

“आणि तू बाबांचा नाव लिवलंस?”

“लिवलंय. मगे ताटाक कोणी हात लावल्यान नाय.”

“कावळो शिवलो?”

“कावळो भियात म्हणान मी भायर गेलंय. येवन बघतंय तर ताट रिकामा. कोणी खाल्ल्यान ता कळला नाय.”

“बाबाच ते.”

“दुसऱ्या दिसा मॅनेजर वही घेवन वर. म्हणता, तुमचो बापूस आत इलो, पण भायर गेल्याची वेळ लिवलेली नाय.”

“मगे तू काय सांगितलंस?”

“काय सांगतलंय? तुका तरी कळता काय अक्का, बाबा गेले काय थंयच रवले?”