पिशी म्हंजे काय

वाशीमच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेल्या नारायणशास्त्र्यांना शेजारच्या उत्तमरावाने विचारले, "महाराज, पिशी म्हंजे काय? थोरला दादा मेल्यापासून वहिनी पिशी झाली, असं साहेबाले सांगाचं हाये. मंग मळा माह्या ताब्यात येते."

शास्त्रीबोवा सावकाश म्हणाले, "ज्याच्या अंगी पिशाच शिरले, त्याला पूर्वीचे लोक पिसा म्हणत."

समोर उभी असलेली भावजय पंचफुला पुढे सरली. "कोनाचं पिशाच, भाऊजी?"

"दादाचंच. दुसरं कोन येईन?"

"मंग थोरल्या भावापुढं बसून काहून राह्यले? पाया पडा. ते सांगून राह्यले, उत्तम, मळ्यात पाय ठेवू नोको."

उत्तमराव नकळत उठून उभा राहिला.

शास्त्रीबोवांनी आदराने सरकून पंचफुलेला जागा केली. "बसावे, यजमान."