बस मागे घेताना

ये गो, अशी माझ्याजवळ बस. तिकडे दाराजवळच्या खुर्चीत परक्यासारखी काय बसतेस, तुझा फोन माझा आवाज पकडेल, पण मला तुझं तोंड दिसायला नको? ईद कधीच होऊन गेली आणि तू आत्ता येतेस. रियाधहून खोबर काही दूर नाही, आणि नवरा बँकेत आहे म्हणून सुट्टी मिळत नाही असलं मला सांगू नको, बँकवाल्यांनाच जास्त सुट्ट्या असतात. आधी हे सांदण खा. लेकीने, शबानाने केलंय, मी करते तितकं फुगलं नाही, पण खा. मग माझी गोष्ट लिही.

तर मी रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावची. गाव म्हणजे एक रस्ता, आणि तो रस्ता मशिदीपुढे येऊन खाडीशी संपतो. संध्याकाळची वस्तीची एसटी तिथवर यायची, पण वळायला जागा कुठे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आमच्या चुलत्यांचा दगडी गडगा, म्हणून बस मागे घेत घेतच लावायची. कंडक्टर उतरायचा, पण तो एकटा दोन्ही बाजू कशा बघणार, मग आम्ही पोरंटोरं, मासे साफ करत बसलेल्या बाया, सगळी मागे. येऊ दे, येऊ दे, येऊ दे. आणि पत्र्यावर थाप. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब, बेलसारखंच. माझी थाप दणदणीत, अब्बा म्हणायचे हिच्या सासूचं काही खरं नाही. ड्रायव्हर आधी विचारायचा, ती पोरगी आहे ना मागे, मग मला काळजी नाही. शाळा माझी सातवीला सुटली, पुढचं वाचायला मी आपली आपणच शिकले, दुकानांच्या पाट्या वाचून. पण बस मागे जाते तेव्हा मागे कुणीतरी उभं पाहिजे, हे मला त्याच्याही आधी कळलं.

लग्न झालं तेही ड्रायव्हरशीच, आता काय म्हणावं. ते बघ, हे तिकडे गॅलरीत पेपर वाचतायत, पण कान इकडेच आहेत. हे आधी एकटे इथे आले, मग काही वर्षांनी मी आणि शबाना. कंपनी समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना बांधत होती, तिथे जपानी इंजिनियर, बायकामुलांसकट कंपाउंडमध्ये राहायचे. त्या बायकांना बाजाराला, दवाखान्याला न्यायची छोटी बस यांच्याकडे. बसमध्ये सोबतीला बाई हवी असं कंपनीचं म्हणणं, मग रीतसर कागद करून मलाच घेतलं. नवराबायको एका बसमध्ये. लोक म्हणायचे काय नशीब, मी म्हणायचे घरी भांडायचं तेच इथे भांडतो.

आणि त्या बसमध्ये मला मिचिको-सान भेटली. माझ्याच वयाची, उभट चेहऱ्याची, हसताना तोंडावर हात ठेवणारी. तिला इंग्लिश थोडं, मला त्याहून थोडं. पहिल्याच आठवड्यात टायर बसला. कॉर्निशच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या, कडेला आम्ही सगळ्या उतरून उभ्या, मिचिको चाकाकडे बोट दाखवून म्हणाली, पांकु. मी म्हटलं, पंचर. आणि समोर रस्त्यापलीकडे टायरवाल्याच्या दुकानावर अरबीत लिहिलेलं, बंशर. कुराणामुळे अक्षरं येत होती, मी तिला पाटी वाचून दाखवली, आणि काय सांगू तुला, दोघी कडेला बसून हसलो. मग आमचा खेळच सुरू झाला. बस म्हणजे त्यांची बासु. टायर तैया, ब्रेक बुरेकी, ड्रायव्हर डोराइबा, सीटबेल्ट शीतो-बेरुतो. स्टिअरिंगला म्हणतात हांदोरु, म्हणजे आपलं सायकलचं हँडल. मी म्हटलं अगं, भाताला, पाण्याला, आईला तुमचा शब्द वेगळा, आमचा वेगळा, पण बसमध्ये चढलं की आपण एका गावच्या. इंग्रज साहेबाने बस दिली आणि तिची नावं सगळ्यांना वाटून टाकली, ज्याच्या तोंडात जशी मावली तशी.

तिची आई त्यांच्या डोंगरातल्या गावी बसवर कंडक्टर होती, गळ्यात पैशाची पिशवी. मग वानमान बस आली, म्हणजे एकटा ड्रायव्हर, तिकीटही तोच देणार, आणि सगळ्या कंडक्टर बायका घरी. आईने म्हणे टोपी तेवढी धुऊन ठेवली. मिचिको स्वतः लग्नाआधी बासु गाइदो होती, सहलीच्या बसवर झेंडी घेऊन उभी राहणारी. पांढरे हातमोजे, शिट्टी, आणि बस मागे घ्यायची झाली की खाली उतरून मागे उभं राहायचं आणि ओरडायचं, ओराइ, ओराइ, ओराइ. ऑलराइट हो, तेच. मी म्हटलं थांब, आणि उठून पत्र्यावर दोन थापा मारून दाखवल्या. हे पुढून ओरडले, बाई, बस चालू नाही, कुठे येऊ मी?

मग ते सौदीकरणाचं आलं, परक्यांना काढून त्या जागी सौदी माणसं घ्यायची. आधी मोबाईलची दुकानं, मग इतर, मग आमच्या कंपनीत. मी त्याला वाईट म्हणणार नाही, त्यांचा देश, त्यांची पोरं बिनकामाची बसलेली, आपण इतकी वर्षं त्यांचं अन्न खाल्लं. पण पाळी आमच्यावरही आली. मुदीर, म्हणजे मॅनेजर, त्याने यांना सांगितलं, हा फहद, याला तयार कर, तयार झाला की तू एक्झिट, म्हणजे कायमचा मायदेशी. आणि शबाना बारावीला. शाळा इथली, बोर्ड आपलं, परीक्षा मार्चमध्ये. बापाचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, गेला की बायकोचा गेला, मुलीचा गेला, परीक्षेआधी विमानात बसायचं म्हणजे पोरीचं वर्ष गेलं. दुसरे ड्रायव्हर, आपलेच, रोज येऊन सांगायचे, भाई, अर्धंच शिकव, मार्चपर्यंत ओढ. हे म्हणाले, आणि त्या बसमध्ये बसणाऱ्या बायका पूर्ण आहेत त्यांचं काय?

फहद हुफूफचा, पंचविशीचा, लग्न ठरलेलं, अत्तराचा घमघमाट, यांना सदीक म्हणायचा, म्हणजे दोस्त, परक्या कामगाराला तिथे सगळे तशीच हाक मारतात. पुढे बस झकास चालवायचा. मागे घेणं मात्र शून्य. आणि मागे कुणी उभं राहिलेलं चालायचं नाही. त्यातून बाई. म्हणायचा, आरसा आहे, कॅमेरा आहे, तुम्ही बसा, लोक हसतील.

खजुराच्या मोसमात आम्ही हुफूफच्या बाजाराला गेलो. त्याचंच गाव, म्हणून ऐटीत गल्लीत बस घातली आणि पुढे पिकअप, मागे पिकअप, मध्ये टोपल्या आणि बसलेली माणसं. पुढे वाट नाही. मागेच यायचं. हे त्याच्या शेजारी बसलेले. मी न विचारता उतरले, मागे गेले, जागा बघितली आणि सवयीने दोन थापा मारल्या, ये. त्याने असा ब्रेक दाबला की आत बायका एकमेकींवर आणि नुकतीच घेतलेली खजुराची एक टोपली आख्खी सीटखाली. फहद उतरून आला, लालबुंद. माझी बस का बडवतेस? हे म्हणाले, रागावू नको, आमच्याकडे दोन म्हणजे ये. तो म्हणाला, आमच्याकडे गाडी बडवली म्हणजे कुणीतरी चाकाखाली आलंय. आणि वाकून चारी चाकांखाली बघून आला गो. तेव्हा मला कळलं, पोरगा गर्विष्ठ नाही, घाबरलेला आहे.

तेवढ्यात मिचिको उतरली. अंगावरची काळी अबाया सावरली, डाव्या बाजूला आरशात दिसेल अशी उभी राहिली, हात वर. मी उजवीकडे, थापा बंद. तिने सुरू केलं, ओराइ, ओराइ, ओराइ, आणि मी तिच्या सुरात सूर मिसळला. फहदने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, बस्स, आणि बस हळूहळू, टोपली टोपली चुकवत बाहेर. स्टॉप. ते सगळ्यांनाच कळतं. खजूरवाला म्हातारा त्याला म्हणाला, माशाल्ला, तुला दोन आया आहेत. सगळा बाजार हसला. परतताना फहद हळूच म्हणाला, खाला, उद्या पण मागे उभी राहशील? त्या दिवसापासून हे सदीक राहिले नाहीत, अम्म झाले, काका, आणि मी खाला, मावशी.

यांनी त्याला सगळं शिकवलं, काही हातचं राखलं नाही. थंडी संपायच्या आधीच तो सुईत दोरा ओवावा तशी बस लावायला लागला. मी मनात म्हणायची, शाबास, आणि मनातच रडायची, कारण जितका तो शिकत होता तितकं आमचं दाणापाणी कमी होत होतं. एकदा त्याने विचारलं, अम्म आजकाल हसत का नाहीत? मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, बिंत, म्हणजे मुलगी, इम्तिहान, मार्च. त्याने बोटांवर महिने मोजले.

मग मुदीरने यांना आणि फहदला यार्डात बोलावलं. मी कुंपणाशी उभी होते. मुदीरने विचारलं, एकटा चालवशील? फहद म्हणाला, नाही, रिव्हर्स जमत नाही. मुदीर म्हणाला दाखव. मागे तेलाचं रिकामं पिंप ठेवलेलं, आणि त्याने काय केलं, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, नवीन सौदी पोरांसमोर, बस सरळ मागे नेऊन त्या पिंपावर घातली. पिंप गडगडत गेलं. सगळे पोट धरून हसले. मुदीर चिडला, यांना म्हणाला, सदीक, तू काय शिकवलंस, घे याला अजून, मार्च संपेपर्यंत शिकव. हे पिंप उभं करायला गेले. फहद उतरला, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, अम्म, मला अजून शिकायचंय.

त्याला तेव्हापासून सगळे अबू बरमील म्हणतात, पिंपाचा बाप. ते नाव सासरवाडीपर्यंत गेलं, लग्नात मेव्हण्यांनी पिंप सजवून आणलं म्हणे. मागे बाई उभी राहिली तर लोक हसतील म्हणणारा पोरगा, त्याने माझ्या लेकीसाठी जन्माचं हसं ओढवून घेतलं. शबानाचे पेपर झाले, आणि मग आम्ही एक्झिटवर गेलो. नीट, मान वर करून.

आता शबाना इथेच दवाखान्यात नर्स आहे, जावई पण इथलाच, आम्ही दोघं व्हिजिटवर आलोय. फहद आता सगळ्या बसगाड्यांचा वरचा माणूस आहे. ईदला खजूर घेऊन आला होता, मुलं घेऊन. मी म्हटलं, अबू बरमील, रिव्हर्स जमतं का आता? म्हणाला, खाला, तू मागे असलीस तर. मिचिको तिच्या गावी, गुडघे दुखतात तिचे, फोनवर आवाज पाठवते, नुसता ओराइ, बाकी काही नाही. मला पुरतं. माझ्या वाट्याला चांगली माणसं आली गो, अल्लाने हात आखडता घेतला नाही. सगळ्यांचं भलं होवो, त्या मुदीरचंही.

पुरे लिहिलंस. हे बघ, आम्ही पुढच्या महिन्यात गावी जाऊ. तू सुट्टीला आलीस की नुसती पुण्याला जाऊन परत पळू नको, आमच्याकडे ये, लवकर ये, खाडीत तिसऱ्या, शिंपल्या गो, मिळतात तेव्हा ये. नवऱ्याला आण, तुमची गाडी घेऊन या. रस्ता अजून तसाच आहे, मशिदीपुढे संपणारा, वळायला जागा नाही. पण त्याला सांग, घाबरू नको. मी मागे उभी असेन.