राणी दाराआडच मरेल

हॅलो? … कोण, स्टामाटा? बोल गं… हो, हो, माझ्याच अंगणात. सगळा कोरस इथेच जमलाय. शेंगा निवडतोय आणि उद्याच्या नाटकातली गाणी घोळवतोय…

काय? … कोण म्हणतं? … तो अथेन्सचा दिग्दर्शक? मग मला फोन करायचा ना त्याने! माझ्या बहिणीला पुढे करतो होय!

अगं ऐक ना… ऐक. राणी मरते ती महालाच्या आत. दाराआड. आतून आरोळी येते, मग दूत बाहेर येऊन काय घडलं ते सांगतो, आणि मग आम्ही बायका विलाप करतो. आपल्या वाडवडिलांनी असंच केलंय…

टीव्हीवाले येणार? येऊ देत की! … म्हणून राणी झालेली तुझी रोदांथी सगळ्यांसमोर पोटात सुरी खुपसून घेणार, आणि आम्ही तिच्याभोवती बसून छाती पिटायची?

… नाटक आहे, ठाऊक आहे मला! पण विलाप नाटकातला नाही, स्टामाटा. आपल्या आईच्या उशाशी गायलो तोच सूर आहे तो. आपल्या गावात जिवंत माणसावर विलाप गायलाय कुणी कधी? मरणाला आवतण द्यायचंय? तेही पानागियाच्या, मेरीमातेच्या उपवासात? मी मावशी आहे तिची, वर धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मीच उचललंय तिला. नाही गाणार!

… फादर फोतिसना कशाला मध्ये आणतेस? … हरकत नाही म्हणाले? म्हणोत बापडे. गुड फ्रायडेला ते स्वतः काय करतात? कुणाला खिळे ठोकून दाखवतात? नुसतं गातात गं… शुभवर्तमानसुद्धा गाऊनच… आणि अख्खं चर्च हुंदके देतं.

… कोरसची टेप लावणार? लाव म्हणावं! आम्ही प्रेक्षकांत बसून त्या टेपवर आवाज चढवू!

… काय म्हणालीस? मी पोरीच्या आड येते? … बरं. कुठंय ती? दे तिला.

रोदांथी, बाळा, आतल्या खोलीत जा. दार लावून घे. आणि राणीची ती आरोळी दे… हो, जीव तोडून. फोन आईकडे दे आधी… घेतलास, स्टामाटा? तिथेच थांब. दारापाशी.

…

अगं आई गं! … पानागिया, सांभाळ! इथे फोनमधून आली, तरी बायकांच्या हातातल्या शेंगा सांडल्या…

स्टामाटा? … स्टामाटा, बोल ना! … अगं, दार कशाला बडवतेस? ठीक आहे ती, काही झालं नाही… उघडलं? … घे, जवळ घे तिला…

… आता सांग. हे डोळ्यांनी बघायचंय तुला?

… रडू नकोस. फक्त त्याला सांग, गारुफालिया म्हणते, दार बंदच राहील. उघडायचंच असेल, तर आधी मला बाजूला कर म्हणावं. मी दाराला पाठ लावून उभी राहणार आहे!

… हो, खुशाल रागावू दे. ठेवते. सूर सुटलाय आमचा, पुन्हा धरायचाय.