मॅजेंटा जास्त पडतोय!

…नाही, मला सांगा, एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी आमच्या या डच गावात, मेपेलमध्ये, चिकटवायचं व्हिनाइल छापतोय, दुकानांच्या पाट्या म्हणू नका, मासेवाल्यांच्या गाड्या म्हणू नका, आणि मला हा योरीत सांगतो की ती गुलाबी-लाल शाई ठीक आहे! ठीक आहे म्हणे! अहो, समोर हातभर लांब नमुन्याची पट्टी, तिच्यावर कुणाचं तरी नाक, आणि नाक कसलं, उकडलेलं बीट! म्हटलं, "योरीत, मॅजेंटा जास्त पडतोय!" तर हा योरीत… बारा वर्षं त्याच यंत्रावर माझ्या शेजारी उभा आहे, बारा वाक्यं बोलला असेल… हा म्हणतो, "नाही पडत."

आता नाक कुणाचं हे मी विचारलं नाही असं नाही. विचारलं! "गिऱ्हाइकाचं," म्हणाला. "अब्राहाम आहे." झालं. आमच्याकडे पुरुषाला पन्नाशी लागली की म्हणायचं, याला बायबलातला अब्राहाम दिसला, आणि मग बायको, मेव्हणे, शेजारी मिळून त्याचा सगळ्यात भिकार फोटो हुडकतात, पुरुषभर मोठा करतात आणि त्याच्याच घराच्या दर्शनी काचेवर चिकटवतात. अख्ख्या मेपेलची पन्नाशी मी छापलीय! पोस्टमनला आंघोळीच्या टबात छापलाय, शाळेच्या हेडमास्तरांना बायकोच्या झग्यात… हसून हसून पोट दुखायचं माझं. आणि म्हणूनच, खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी माझी पन्नाशी होती आणि माझी टरकली होती. फेन्नाला, म्हणजे बायकोला, महिनाभर आधी बजावलं होतं, "हे बघ, माझं थोबाड काचेवर नको. लोक टपून बसलेत." ती म्हणाली, "बरं." इतक्या पटकन बरं! चोवीस वर्षं झाली लग्नाला, मला तिथेच कळायला नको होतं?

तर नाक. आधी त्या नाकावरून पांढऱ्या रेघा जात होत्या. रेघा म्हणजे छपाईच्या हेडातलं शाईचं नोझल तुंबलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. हेड धुतलं. रेघा. पुन्हा धुतलं. रेघा! शेवटी हेड पुसणाऱ्या रबराखाली बॅटरी मारून बघतो, तर लोकरीचा धागा! योरीतच्या स्वेटरचा! ओढून काढला, रेघा गेल्या. मग आले डाग, म्हणजे शाई वाळायच्या आधीच पसरत होती, हीटर पाच अंश वर घेतला, डाग गेले. आणि नाक? नाक तसंच! म्हटलं, "मॅजेंटा जास्त पडतोय!" "नाही पडत."

मग मी पेटलो. शाईची पिशवी बदलली. बीट! रोल बदलला. बीट! रंगांची जुळणी पहिल्यापासून केली, बाजूला एक राखाडी पट्टा छापला, तो राखाडी, एक टोमॅटो छापला, तो टोमॅटोसारखा टोमॅटो… मग नाकालाच काय धाड भरलीय? योरीत हळूच म्हणाला, "फोटोच तसा असेल." म्हटलं, "फोटो तसा असेल तर माणूस तसा असेल, आणि माणूस तसा असेल तर त्याला छापता काय, दवाखान्यात न्या!" योरीतनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्याचे. मला वाटलं, खोकला झालाय बिचाऱ्याला.

शेवटी मीच संगणकावर बसलो, योरीतनं पडद्यावर नाकाचा तेवढाच तुकडा उघडून दिला, त्यातला मॅजेंटा उतरवला, चांगला वीस टक्के, तेव्हा कुठे ते नाक माणसात आलं. वर शाईच्या कंपनीला फोन केला आणि तक्रार ठोकली… अख्खी खेप खराब आहे तुमची!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खाली येतो, तर दिवाणखान्यात अंधार. अंधार म्हणजे कसा… गुलाबी अंधार! अहो, आमच्याकडे पडदे कोण लावतो? मग उजेड अडवला कुणी? काचेपाशी गेलो. काचेवर उलटी अक्षरं. एकेक करून लावली… हार्म, पन्नास. हार्म म्हणजे मी हो! तसाच पायजम्यावर बाहेर पळालो. काचेवर मी! दोन मीटर उंच, सासऱ्यांच्या होडीत आडवा, तोंड उघडं, गाढ झोपेत, आणि मधोमध ते बीट!

समोर योरीत, हातात व्हिनाइल दाबायची पट्टी. मी ओरडलो, "अरे, मॅजेंटा जास्त पडलाय! मी उतरवला होता ना?"

"मी परत चढवला," योरीत म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणालं, माणूस ओळखू येईना."

गिऱ्हाईक दारात उभं राहून केक कापत होतं. "अरे, जगाला छापताना हसायचास ना?" फेन्ना म्हणाली. "आता जरा हस की!"

तेवढ्यात समोरच्या यांत्येबाई सायकलवरून उतरल्या. काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत काचेकडे. "फेन्ना," म्हणाल्या, "फोटो कसाही असू दे बाई, पण रंग काय हुबेहूब उतरलाय!"

लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोलू, जवळ जाऊन बघितलंही… एक रेघ नाही, एक डाग नाही, असं काम एकोणीस वर्षांत निघालं नव्हतं. आत आलो, त्या गुलाबी अंधारात बसलो आणि कंपनीला फोन लावला. म्हटलं, कालची तक्रार मागे घ्यायचीय. तिकडून एक बाई अगदी गोड आवाजात म्हणते, "घेऊ की. कारण काय लिहू?"

म्हटलं, "लिहा… नाक."