‘कोच’ म्हणायचं कुणाला

— उपट ती पाटी आणि टाक तिकडे बाकीच्यांवर, नाहीतर अडखळशील. ‘घर विकणे आहे’ — आम्ही नाही गं लावलेली, घर कुठं विकायला काढलंय आम्ही! गावकऱ्यांनी लावल्यात. शनिवारी फुटबॉलचा सामना हरला की रविवारी सकाळी कोचच्या अंगणात या पाट्या उगवतात, कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा. आणि या खेपेला तर विद्यापीठानं माझ्या हॉयटला खरंच काढलं, मग काय, गावाला चेवच चढला. ये, बस. हे काय आणलंस? सॅलड? दुकानातलं? किती गुणाची गं तू. इथं कोचला काढलं की बायका जेवण घेऊन येतात, मयताच्या घरी आणावं तसं — फ्रीजमध्ये मॅकरोनीचे थर लागलेत, ज्यांनी पाट्या लावल्या त्यांच्याच बायकांनी केलेली — पण सॅलड आणणारी तूच पहिली.

हं, तर काय विचारत होतीस? तुझ्या लँडननं ही नोकरी घ्यावी का. हॉयटची. आणि हे विचारायला तू हॉयटच्याच बायकोच्या ओसरीवर आलीस! कमाल आहे, पेज, तुझी. पण विचारलंस तर सांगते — नाही. घेऊ नये. झालं समाधान? नाही झालं, दिसतंय तोंडावर. तुला वाटलं, मी म्हणेन, अगंबाई, लँडन मेबरी! आपल्याच विद्यापीठाचा तारा, एवढा मोठा क्वार्टरबॅक, आता निवृत्त होऊन घरी परत येतोय, त्याच्याशिवाय कोण वाचवणार आपल्या टीमला! सगळं गाव तेच म्हणतंय — पेट्रोल पंपावरच्या पोरापासून पाद्रीबाबापर्यंत. पाद्रीबाबानं तर प्रार्थनेत नाव घेतलं त्याचं, येशूच्या लगेच नंतर.

चेंडू फेकायचा तो. कोण नाही म्हणतंय? स्टेडियमच्या या टोकाहून त्या टोकाला, पळत्या माणसाच्या ओंजळीत. मीच ओरडून घसा बसवून घ्यायची. पण फेकता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, बयो. माशाला विचार, बाबा रे, पोहतोस कसा — काय सांगणार तो? ‘पाण्यात उतर आणि पोह.’ तुझ्या नवऱ्याचं तेच होणार. एखादं पोरगं दहादा चुकेल आणि हा म्हणेल, ‘अरे, सरळ फेक ना!’ — आणि वर स्वतःच वैतागून निघून जाईल. चुकणं म्हणजे काय ते ठाऊक कुठंय त्याला? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला धक्का लागू नये म्हणून पाच धिप्पाड पोरं पुढं भिंत करून उभी असतात. त्यांची नाकं फुटतात, गुडघे जातात — आणि फोटो कुणाचा? याचा. पांढरे दात, पांढरी विजार, डाग नाही एक. विचार त्याला जाऊन, त्या पाचांतल्या एकाचं तरी आडनाव आठवतंय का. हॉयटला त्यांच्या आयांची नावं ठाऊक आहेत.

आयांवरून आठवलं. कोचचं अर्धं काम मैदानात नसतंच मुळी, स्वैपाकघरात असतं. चांगलं पोरगं हेरायचं आणि त्याच्या घरी जाऊन आईला पटवायचं, की बाई, तुझा मुलगा माझ्या हाती दे. आणि ती जे वाढील ते खायचं, पुन्हा मागून घ्यायचं — पानात टाकलंस की पोरगं गेलं दुसऱ्या विद्यापीठात. हॉयटनं लुइझियानात खारीचं कालवण खाल्लंय, दोनदा वाढून घेऊन! रस्त्यात गाडी थांबवून ओकला, पण पोरगं आणलं. आणि तुझा नवरा? गहू खात नाही. साखर खात नाही. तळलेलं बघितलं की त्याला घाम फुटतो. त्या माउलीच्या टेबलावर बसून काय करणार तो — पाण्याची बाटली उघडणार? आपला फोटो सही करून देणार? देईल हो, देईल. नेमकं तेच करेल.

आणि हे बघ, मघापासून ऐकतेय मी. ‘लँडन म्हणतो, हॉयटना विचारू, हॉयटचा सल्ला घेऊ.’ हॉयट! तू कॅलिफोर्नियाची, तुझा दोष नाही. पण इथं अलाबामात, ज्याच्या हाताखाली खेळलास तो मरेपर्यंत ‘कोच’. कोच म्हणजे कोच, नाव नाही घ्यायचं. आमचा दातांचा डॉक्टर — नातवंडं झालीत त्याला — तो हॉयटच्या तोंडात चिमटा घालून विचारतो, ‘दुखतंय का, कोच?’ नावानं हाक मारणारी जगात दोनच माणसं होती, मी आणि त्याची आई. आई गेली. आणि परवा तुझा नवरा टीव्हीवर बसून म्हणतो, ‘हॉयटनं आपल्या परीनं प्रयत्न केला.’ आपल्या परीनं! अगं, अठरा वर्षांचा शेंबडा होता लँडन, पाय कुठं रोवायचा ते कळत नव्हतं. हॉयटनं गुडघ्यावर बसून, हातानं त्याची पावलं धरून जागेवर ठेवली — रोज, सगळा उन्हाळा. हो, हो, मघाशी मीच म्हटलं तो उपजत मासा होता म्हणून. राग आला की बोलते मी काहीही. टीव्हीवर ते ऐकलं हॉयटनं. उठला आणि गॅरेजमध्ये जाऊन —

हो. तळ्यावर मासे धरायला गेलाय म्हणाले मी तुला दारात. नाही गेला. तिथं आहे तो, त्या दारामागं. ट्रकमध्ये बसलाय, रेडिओ लावून. लोक फोन करकरून त्याला शिव्या घालतात त्या कार्यक्रमात, आणि हा ऐकतो. एखाद्याचं म्हणणं बरोबर असलं तर मान डोलावतो गं! खिडकीतून बघितलंय मी. पहाटे उठतो, बूट चढवतो, नाड्या बांधतो, आणि मग कॉटवर तसाच बसून राहतो. जायचंय कुठं? आता डोळे पुसू नकोस, मला दया नकोय तुझी.

काय? पुन्हा सांग. लँडन नोकरी घेईल, पण हॉयट बरोबर आला तरच? म्हणजे त्याच्या हाताखाली? ‘सल्लागार’! असं होय! म्हणून आलीस तू इतक्या लांब, सॅलड घेऊन. सल्लागार म्हणजे, बाई, सामना हरला की बोट दाखवायला जवळ असावा असा माणूस. आणि त्याला बसवणार कुठं? वर काचेच्या खोलीत, की खाली मैदानात? गळ्यात शिट्टी असेल? पोरांना स्वतः शिकवू देतील, की नुसतं — नाही, आपलं विचारते. मला काय करायचंय. पण खाली मैदानातच ना? बघ हं, पेज, काचेच्या खोलीत नाही जमायचं त्याला, गवत पायाखाली लागतं.

बरं, ऐक माझं. लँडननं स्वतः यायचं. तुला नाही पाठवायचं. इथं, या पायरीवर उभं राहायचं, टोपी काढायची, आणि ‘कोच’ म्हणायचं. एकदाच म्हणू दे, मला ऐकू येईल असं. एवढं केलं, तर मी आडवी येणार नाही. तुझ्या नवऱ्याला कोच मानणार नाही मी जन्मात, पण आडवी येणार नाही.

वाजतोय तुझा फोन. उचल की. त्याचाच? सांग त्याला — हॉयट! तू कधी आलास बाहेर? दाढी केलीस? थांब, तू नको घेऊस फोन, हिला देऊ दे निरोप, मी आत्ताच ठरवत होते — त्याला आधी इथं येऊ दे, हॉयट, ऐकतोस का माझं —

काय म्हणालास?

आत्ता, फोनवर. ‘हो, कोच.’ कुणाला? लँडनला? ज्याची पावलं तू हातानं धरून —

‘ज्याची टीम तो कोच, नॅडीन. आजपासून टीम त्याची.’ ऐकलंस, पेज? मलाच शिकवतोय. आणि चेहरा बघ त्याचा, बघ जरा! किती दिवसांनी —

काही नाही. काही म्हणायचं नाही मला. ऊठ तू, गाडी काढ. आणि घेऊन जा याला, खोळंबलाय तो.