बारी त्यांची, गच्ची आमची

...आणि वर मलाच विचारतात, नवलभाऊ, काड्या आणून ठेवल्या ना? अहो, मी कशाला आणून ठेवू? भांडी माझी, तेल माझं, गच्ची माझी, आता जाळायच्या काड्याही माझ्याच? आणि गच्ची माझी म्हणतो ते आपलं म्हणायची पद्धत म्हणून. गच्ची बँकेची आहे. जिना बँकेचा आहे, जिन्याखालची मोरी बँकेची आहे, देवघराचा कोनाडासुद्धा गहाण पडलेला आहे, फक्त देवाला अजून कोणी नोटीस दिलेली नाही.

तुम्हाला सांगतो, बाहेरच्या माणसालाच सांगावं लागतं हे. आमच्या गल्लीत सांगायची सोय उरली नाही. ज्याच्यापुढे तोंड उघडावं तो आमच्याकडे जेवून गेलेला.

तर आम्ही जळगावात, पिंप्राळ्याच्या अंगाला रो-हाउस घेतलं. बिल्डरने जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘स्वतंत्र गच्चीसह’. स्वतंत्र! देश स्वतंत्र झाला त्या दिवशीसुद्धा कोणाला एवढा आनंद झाला नसेल एवढा मला ते वाचून झाला. मी पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कर्ज मिळालं, पण ते असं मिळालं की मी रिटायर होणार आणि हप्ता होणार नाही, तो पुढे आणखी दोन वर्षं नोकरीत. म्हणजे शाल-नारळ घेऊन मी घरी येणार आणि दारात हप्ता उभा, या बसा म्हणत. आमच्या पुनमने त्याच दिवशी जाहीर केलं की असं होणार नाही. दर मार्चला बोनस आणि शिल्लक मिळून जादा रक्कम भरायची आणि रिटायर व्हायच्या आत बँकेकडून कागद सोडवून आणायचे. “हार घालून याल ते आपल्या घरात याल,” म्हणाली. मला पटलं. न पटून सांगतो कोणाला?

मग बजेट सुरू झालं. आमचा तेजस पुण्याला शिकतो, त्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक चकचकीत माणूस, कपाळावर आठी नाही, खिशाला कळ नाही, सांगतोय की बाहेरची कॉफी सोडा आणि घर लवकर फेडा. अरे बाबा, मी जन्मात बाहेरची कॉफी प्यालो नाही! जे कधी धरलंच नाही ते सोडून मी काय फेडू? आम्हाला सोडायला चहा होता, तो सोडला. हॉटेलची शेवभाजी सोडली. पुनमचं माहेर धुळ्याला. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट, मला पूर्ण, तेव्हा हिने हिशेब केला आणि माझी सासुरवाडीच कापून टाकली. ही एक कपात मी हसत सोसली, खोटं कशाला बोलू.

पण त्याच व्हिडिओत पुढे तो चकचकीत म्हणाला की मजेसाठीही काहीतरी ठेवा, नाहीतर माणूस बिथरतो आणि सगळं उधळून बसतो. झालं. पुनम दोन दिवस विचार करत होती. मजा तर पाहिजे, पैसा तर नको. आणि मग तिला सुचलं... भरीत.

आता तुम्ही खानदेशातले असाल तर मान हलवाल, नसाल तर ऐका. थंडी पडली की आमच्याकडे ती मोठी, हिरवी-पांढुरकी वांगी येतात आणि भरिताचं जेवण घालणं हा आमच्याकडे सणाच्या खालोखाल प्रकार आहे. वांगी स्वस्त, जागा घरची. पुनमचा डाव असा होता, आणि डाव चांगला होता, मी आजही म्हणतो, की आपण एक शनिवार गल्लीतल्या तीन घरांना बोलवायचं. आपण घातलं की त्यांनाही घालावं लागणार, तशी रीतच आहे. म्हणजे आपला एक शनिवार खर्चाचा आणि पुढचे तीन फुकट मजेचे. यात चूक काय आहे सांगा? बँकेला असं गणित जमलं असतं तर बँक नफ्यात नसती का? आहेच म्हणा ती नफ्यात.

बोलावलं. समोरचे झुलाल आबा, मूळचे सोनगीरचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. शेजारचे नईमभाई आणि कनीजभाभी, त्यांचा सोफे बनवायचा कारखाना. आणि कोपऱ्यावरच्या कोकिळाताई, शाळेत बाई. आबांनी पहिल्याच पायरीवर मला खडसावलं. गॅसवर भाजलेलं वांगं म्हणजे आजाऱ्याचं जेवण, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलं तरच भरीत. काड्या ते भावाच्या शेतातून छोटा हत्ती टेम्पो भरून घेऊन आले होते. मी म्हटलं, आबा, खाली पत्रा तरी टाकू, फरशी नवीन आहे. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्टिअरिंग उलटं धरलंय.

“पत्रावर? पोया शेकी राह्यना का तू?” म्हणजे पत्र्यावर मी पोळ्या शेकतोय का!

पेटवल्या फरशीवरच. जाळ डोक्याएवढा. वांगी तडतडली, मिरच्या भाजल्या, लाकडाच्या बडजीत ठेचून आबांनी स्वतः भरीत घातलं, खाली पुनमने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पुऱ्या तळल्या, तळल्या म्हणजे किती तळल्या, तेलाचा डबा मला तळ दाखवून बसला. लोक जेवले. नईमभाई भिंतीला टेकून म्हणाले की भाभी, जन्नत में यही मिलता होगा. सगळे खूश. मीही खूश. तीन शनिवार जमा झाले होते ना माझ्या खात्यात!

पुढच्या शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात नईमभाई, दोन्ही हातांत वांग्यांच्या पिशव्या, मागे कनीजभाभी आणि भाभींच्या मागे भाभींचं माहेर. मी म्हटलं, नईमभाई, आम्ही तयारच होतो, तुमच्याकडेच निघालो होतो. तर म्हणे, हमारे यहाँ कहाँ? आमच्या गच्चीवर फोमचा ढीग, एक ठिणगी पडली तर सोफ्यांसकट आम्ही वर. “बारी हमारी, गच्ची तुमची.” आणि गेले वर. हक्काने गेले. माझ्याच जिन्याने, सॉरी, बँकेच्या जिन्याने.

त्याच्या पुढचा शनिवार आबांचा. आबांनी वरच्या मजल्यावर खोली काढून भाडेकरू ठेवलाय, त्यांना गच्चीच नाही. “बारी आमनी शे, गच्ची तुमनी शे.” कोकिळाताईंच्या गच्चीवर सोलर. त्यांनी तर आदल्या दिवशी फोन करून शाळेच्या आवाजात सांगितलं, “नवलभाऊ, उद्या माझी बारी आहे. गच्ची झाडून ठेवा.” मी ठेवली! माणूस बेसावध असला की हुकूम पाळून मोकळा होतो.

आणि यांचं म्हणणं काय, तर वांगी आमची. अहो, भरितात सगळ्यात स्वस्त असतं ते वांगं! तेल कोणाचं? शेंगदाणे, लसूण, कांद्याची पात, ताक, पुऱ्यांचं पीठ, खालचा गॅस? पण ज्याने वांगी आणली त्याची बारी, तोच यजमान, तोच आग्रह करणार, घ्या हो नवलभाऊ, लाजता काय, आपलंच घर समजा. मला! माझ्या गच्चीवर! मी हात जोडून सांगणार होतो की आपलं नाही समजू शकत, गच्ची बँकेची आहे. पण तोंडात पुरी होती.

सगळ्यांची बारी संपली म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, तर आबा म्हणाले, आता पुन्हा तुमनी बारी. म्हणजे चक्र. मग कोणाचा साडू, कोणाचं गिऱ्हाईक, चोपड्याचे कोणी पाहुणे... मकरसंक्रांत गेली, माघ लागला, दर शनिवारी आमच्या घरावरून धूर. रस्त्याने जाणारे विचारत, काही कार्य आहे का?

मार्च आला. जादा भरायला जी रक्कम निघायला हवी होती, त्याच्या जेमतेम निम्मी निघाली. बाकीची लोकांच्या पोटात. मी भडकलो. पुनमला म्हटलं, पुढच्या थंडीत गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, गेली मजा खड्ड्यात. माझी खात्री होती, ही टाळ्या वाजवेल. जिने माझा चहा कापला, माझी सासुरवाडी कापली, ती चार डबे तेल सोडेल होय?

पुनम भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “कुलूप लावू नका.”

मी विचारलं, का?

“आठवडाभर मी या घरात पाहुण्यासारखी वावरते. भिंतीला खिळा ठोकताना भीती वाटते मला. शनिवारी चार माणसं वर हसत बसली की वाटतं, घर घेतलं आपण.”

मी वादात कोणाला ऐकत नाही, कारखान्यात युनियन मला वचकून असते. पण कुलपाचा विषय तिथेच सोडला. मनात म्हटलं, जाऊ दे, निम्मी तर निम्मी, कर्ज थोडं तरी मागे सरकलं. रिटायरमेंटनंतर दोन वर्षांऐवजी दीड वर्ष. तेही काही कमी नाही.

आणि मग आषाढात दिवाणखान्याचं छत गळायला लागलं. थेट टीव्हीवर. बादली ठेवली, टोप ठेवला, शेवटी भरिताची परात ठेवली. सुकदेव मिस्त्रीला बोलावलं, तो वर गेला, खाली आला, म्हणाला, साहेब, वर वीटभट्टी लावली होती का? फरश्या तापून तडकलेल्या, खालचा वॉटरप्रूफिंगचा थर भाजून पापड. सगळं उकरून नवीन करावं लागेल. आकडा सांगितला. मार्चमध्ये भरलं होतं त्याच्या पाचपट. आबांना जाऊन सांगितलं, तर आबा हळहळले, खरंच हळहळले, म्हणाले, बिल्डर लोक चोर असतात.

म्हणजे उरलं काय? बँक. ज्या खिडकीत मार्चमध्ये छाती काढून जादा पैसे भरले, त्याच बँकेत ऑगस्टमध्ये खांदे पाडून गेलो. सोबत पुनम. कर्जाच्या टेबलावर तरुण साहेब, नवीन बदलून आलेले. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, म्हणाले, तुमचं रेकॉर्ड फार छान आहे, एकही हप्ता चुकला नाही, तुम्हाला टॉप-अप लगेच मिळेल. बघा, नियमाने फेडणाऱ्याला बक्षीस काय, तर आणखी कर्ज! मुदत विचारली. रिटायरमेंटनंतर चार वर्षं. मी पुनमकडे पाहिलं नाही. तिने टेबलाखाली माझी बाही धरली होती, एवढं कळलं.

साहेबांनी विचारलं, कारण काय लिहू? म्हटलं, दुरुस्ती. कशाची? गच्चीची. साहेबांचा हात कीबोर्डवर थांबला. त्यांनी आमचा पत्ता पुन्हा वाचला. मग मान वर करून, एकदम घरगुती आवाजात विचारलं, “नईमभाईंच्या शेजारचं घर का?”

मी म्हटलं, हो.

“मी आलो होतो ना, सर. जॉइन झालो त्याच महिन्यात. नईमभाईंच्या कारखान्याचं खातं आपल्याकडे आहे, त्यांची बारी होती.” आणि पुनमकडे वळून, “पुऱ्या तुम्हीच केल्या होत्या ना, वहिनी? मी आईला फोनवर सांगितलं होतं.”

पुनम हसली. काय सांगू तुम्हाला, कर्ज रिटायरमेंटच्या चार वर्षं पुढे गेलेली बाई आणि ती हसली. म्हणाली, दिवाळीनंतर गच्ची तयार होईल, जरूर या. साहेबांनी शिक्का मारता मारता मला विचारलं, सर, या वेळी वांगी मी आणू?

मी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, तुम्ही काही आणू नका साहेब. वांगी आता हप्त्यातच धरली आहेत.