सौजन्य : राजेश्वरी हॅचरी

उभ्यानं नका बोलू, बसा की. ते खोकं सारा बाजूला, रिकामंच हाय. मालक भिगवणला गेल्यात, येत्याल इतक्यात — आन् तुमी कशाला आलाय ते सांगूच नका, मला कळलंय. इस्तरीचा झब्बा, खांद्याला पिशवी, आन् दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालात, 'वहिनी, काय प्रसन्न जागा आहे' — आता हितला कोंबडखताचा वास पार डाळजच्या फाट्यापातूर जातोय, आन् तुमाला प्रसन्न वाटतंय, म्हंजी तुमी वर्गणीवाले. न्हाय? वर्गणी न्हाय, प्रायोजक? व्हय व्हय, तो शबुद मला ठावा हाय. पैल्यांदा आयकला तवा मला वाटलं, प्रायश्चित्त म्हणत्यात. पुढं कळलं, फार काय चुकीचं आयकलं नव्हतं. कुठलं म्हणालात — इंदापूरचं नाट्य मंडळ. बरं हाय. नाटकात निदान वरडता तरी येतंय. गेल्या साली त्या संगीत सभेवाल्यांना ती बी सोय नव्हती. आयकलं आसंल की तुमी? थोडंसं? थोडंसं आयकून कुणी आमच्या दारात आलं नसतं. थांबा, च्या ठेवलाय पोरीनं, तवर सगळं सांगते, मग ठरवा आमच्याकडनं काय घ्यायचं का न्हाय ते.

तुमी बसलाय त्याच खुर्चीत झुंबरराव बसले हुते. संगीत सभेचे चिटणीस, पण कार्ड काढून दिलं त्याच्यावर 'जनसंपर्क प्रमुख' छापलेलं. आमच्या मालकांना म्हणाले, आबाजीराव, पुण्याच्या कुमुदबाई गायला यायच्या हायत, एवढ्या थोर बाई, तालुक्याला परत असा योग न्हाय — उद्योगानं कलेच्या मागं उभं ऱ्हायाला पायजे. मालक म्हणाले, मागं कशापायी? पुढं उभा ऱ्हातो. झुंबरराव हसले, त्येंना वाटलं इनोद केला. इनोद नव्हता ओ तो. कसं हाय — आमच्या सासऱ्यांची मेंढरं हुती. मालक बी पंधरा-सोळा वर्सं मेंढरामागं हिंडलेला गडी. मेंढरं इकली, कोंबड्या धरल्या, हळूहळू ही हॅचरी उभी केली, पोरीचं नाव दिलं तिला. रोज हजारानं पिल्लं निघत्यात. पण इंदापूरच्या पेठंत गेलं की अजून कोणीतरी म्हणतंयच — 'मेंढक्याचा आबा आला.' तर ह्यांना त्या स्टेजवर उभं ऱ्हायाचं हुतं. शाल-नारळ घ्यायचा हुता, चार वाक्यं बोलायची हुती. त्यासाटी सफारी शिवून घेतली, बदामी रंगाची. आता माणसाला एवढी बी हौस नसावी का? मी म्हटलं, करा.

पण हौस म्हंजी कशी, एकदा दार उघडलं की आत किती शिरंल त्याचा नेम न्हाय. पैल्यांदा पडदा. स्टेजच्या मागं कापडी पडदा रंगवून घेतला, त्याच्यावर कोंबडी — एवढी मोठी, की कुमुदबाई तिच्यापुढं बसल्या की कोंबडीनं घातल्यागत दिसत्याल. खाली लिवलं, 'स्वर तुमचे, अंडी आमची'. झुंबरराव म्हणाले, आबाजीराव, एवढं वाक्य तरी बदला. मालक म्हणाले, ह्याच वाक्यासाटी तर मी व्हय म्हणालो. बरं, ते बी चाललं आसतं. मग रातभर त्यांच्या डोक्यात आलं की पडदा लोक इसरत्यात, घरी नेलेली वस्तू इसरत न्हाईत. जो कोणी गाणं आयकायला यील त्याला एक पिल्लू भेट. व्हय, जितं. कालचं निघालेलं, पिवळंधम्मक. मिठाईच्या खोक्यात घालून, वर चिकटपट्टी, आन् बाजूला 'सौजन्य : राजेश्वरी हॅचरी'. भोकं कोणी पाडली आसतील त्या खोक्यांना? म्या आन् राजेश्वरीनं, दाभणानं. माझं बोट अजून दुखतंय गारठ्याचं.

लय दानशूर म्हणाले लोक. आता तुमाला म्हणून सांगते, कुणापाशी बोलू नका — ती सगळी नर पिल्लं हुती. अंड्याच्या जातीत नराला कोण इचारतं? अंडं देत न्हाय, अंगाला मांस धरत न्हाय, नुस्ता खातो. ती पिल्लं आमाला टाकूनच द्यावी लागत्यात. मालकांचं काय गेलं? मिठाईची खोकी गेली. — का हसलात? तुमच्या घरी बी हाय? तुरेवाला? मोठा झाला आसंल न्हाय? मग बायकू अंड्याची वाट बघत बसली आसंल. आई व्हय? सांगा त्येंना, नका बघू म्हणावं.

तर गाण्याची सांज. शाळंचा हॉल भरलेला, समद्यांच्या मांडीवर खोकी. मला काय आत जागा न्हवती, मी मागं पाव्हण्यांच्या पानाची तयारी बघत हुते — सादाच सैपाक, कुमुदबाईंना तिखाट चालत न्हाय म्हणून झुंबररावांनी दोनदा बजावलेलं. दाराच्या फटीतनं बघितलं. मालक सफारीत, पैल्या रांगंत, मानंचा काटा ताठ. बाई आल्या, पांढरं पातळ, बारीक चणीच्या. मागच्या कोंबडीकडं एकदा बघितलं. बसल्या. तंबोरे लागले. हॉल गप झाला, बाईंनी डोळे मिटले, आन् पैला सूर लावला — आन् चिव. एकच. मग दुसरं. मग, दादा, समदीच की. पिल्लाला काय हाय, एकानं आवाज दिला की बाकीच्यांना वाटतं आपली आई आली. बाईंनी परत सूर लावला, पिल्लांनी परत उत्तर दिलं. बाईंनी डोळे उघडले आन् माईकवरच म्हणाल्या, "यांना थोडं खाली लावायला सांगा, पांढरी दोनला गाताहेत." लोक हसले. झुंबरराव बी हसले, पण रडल्यागत.

हितनं फुडं मालकांनी हात घातला. उठले, स्टेजवर गेले, माईक हातात घेतला — ज्या माईकसाटी सफारी शिवली तो माईक — आन् म्हणाले, मंडळी, घाबरू नका, पिल्लांना ऊब पायजे, खोकं छातीशी धरा. धरलं की लोकांनी. वकील, डाक्टर, मामलेदार कचेरीतलं समदं, छातीशी खोकी धरून बसले, पोर निजवल्यागत. त्यात मागच्या रांगंतल्या एका आज्याला वाटलं, पेढं हायत. उघडलं खोकं. पिल्लू उडालं, ते धरायला शेजारीण उठली, तिचं खोकं पडलं, ते बघून आणखी चार जण उठले — आन् बघता बघता खुर्च्यांखाली पिवळं पिवळं पळायला लागलं. एक स्टेजवर चढलं, ते पेटीच्या भात्यात बसलं. पेटीवाला हात वर करून बसला, भाता दाबावा तर पाप. तंबोरेवाल्या पोरीनं पाय वर घेतले. झुंबरराव टेबलाखाली शिरले हुते, जनसंपर्क करायला. आन् कुमुदबाईंनी शाल घेतली, पर्स घेतली.

तवा म्या मालकांचं तोंड बघितलं. माईक हातात, समदा हॉल पुढं, आन् ह्ये आपले माईकची वायर बोटाला गुंडाळत उभे. पेठंतलं कोणीतरी मागनं म्हणालं, 'मेंढरं आणायची ती कोंबड्या आणल्या.' समदे हसले. ते बी हसले ओ, माईकमधी, ह्ये ह्ये करून. माणूस एवढासा झाला हुता त्या सफारीत.

आन् तेवढ्यात लाईट गेली. इंदापूरची लाईट, तुमाला काय नवं सांगायचं. पण पाव्हणं, अंधार पडला आन् समदी पिल्लं एकदम गप. तोंडावर हात ठेवल्यावानी. अंधारात पिल्लू जागच्या जागी बसतंच, आमच्या हितं शेडात लाईट गेली की रोज बघतो आमी. आन् माणसं बी गप — पाय हलवावा तर खाली पिल्लू चिरडायचं. कुणी उठंना, कुणी खोकंना. सांज सरून गडद झालेलं, खिडक्या बंद. कुमुदबाई उभ्या हुत्या का बसल्या, काय दिसंना. आन् मग त्या अंधारातनं बाईंचा सूर आला. माईक न्हाय, काय न्हाय. नुस्ता गळा. पैल्यांदा बारीक, जमिनीवरनं आल्यागत, मग हळूहळू मोठा. आमच्या सासऱ्यांची मेंढरं दिवसभर हिंडून वाघरीच्या जाळीत बसायची ना, सगळ्यांचं बसून झालं की रानाचाच आवाज खाली बसायचा — तसं झालं. मला गाण्यातलं काय कळत न्हाय. पण मी तितं भिंतीला टेकून उभी, हातात फ्यूज, आन् डोळ्याला पाणी —

...

हातात पान म्हणाले मी. जेवणाचं पान. न्हाय? फ्यूज म्हणाले? तुमचे कान लय तिखाट हायत ओ, नाटकवाले असून. बरं, आता सुटलं तोंडातनं तर आयका — पर तुमच्या आईची शप्पथ घ्या. मीटरची खोली आमच्या सैपाकाच्या शेजारीच हुती. मालकांचं ते तोंड बघितलं आन् मी काय इचार केला न्हाय, गेले, फ्यूज वढला. दुसरं काय करणार? हजार पिल्लांना गप करायचा एवढाच उपाय मला ठावा हाय. वाटलं, जरा गप झाली की लावीन परत. पण बाईंनी गायला सुरवात केली आन् मला लावंना. लग्न झाल्यापास्नं एवढा येळ हातात काम नसताना म्या कुठं उभी ऱ्हायलीया? सैपाक हुता तसा गार झाला. म्या फ्यूज पदरात धरून आयकत ऱ्हायले. बाई थांबल्या तवा मग लावला.

लाईट आल्यावर लोक टाळ्या वाजवायला इसरले हुते. पिल्लं चिवचिवली तवा भानावर आले. कुमुदबाई आमच्या गार भाकरीशी बसल्या आन् झुंबररावांना म्हणाल्या, "पुण्यात इतके शिस्तीचे श्रोते मिळत नाहीत. कुणी हललंसुद्धा नाही." पेपरात आलं, 'अंधारातली मैफल', आन् खाली आमच्या हॅचरीचं नाव. मालकांना शाल-नारळ भेटला. कुणी भेटलं की मालक सांगायला लागले — 'लाईट म्याच घालवाया लावली, पिल्लांचं मला कळतं.' माझ्यादेखत. एकदा न्हाय, अकलूजच्या सोयऱ्यांत, बारामतीला लग्नात, बँकेत. म्या पोळ्या वाढायच्या आन् ह्यांनी माझा फ्यूज वाढायचा. मी बोलले न्हाय. म्हटलं, चार लोकांत मान मिळतोय तर मिळू द्या. पण खुपतंच की ओ. तुमाला नसतं खुपलं?

आन् जाहिरात म्हणाल तर झाली, झाली न्हाय आसं न्हाय. ती नर पिल्लं मोठी झाली. आता इंदापुरात तांबडं फुटायच्या आदी गल्लीगल्लीत एकदम बांगा सुरू व्हत्यात, आन् लोक आंथरुणातनं आमच्या हॅचरीचं नाव घेत्यात. कसं घेत्यात ते इचारू नका. तुमच्या तालमीत बी वरडतो का तुमचा? मधीच? मग घ्या की त्याला नाटकात, फुकट हाय.

कोण आलं — राजेश्वरे, बघ गं गाडीचा आवाज आला का — न्हाय? मग ह्ये — अगं बया. तुमी कवा आलात? गाडी फाट्यावरच लावली? आन् दारात असं चोरागत — कवापास्नं उभं हायसा? ... पोळ्यांपास्नं? ... त्याच्या आदीपास्नं?

ह्ये नाट्य मंडळाचे पाव्हणे. म्या आपलं असंच सांगत हुते —

काय म्हणालात? ठावं हुतं? कुणाला ठावं हुतं? ... तुमी? तुमी कुठं आलावता मीटरच्या खोलीकडं? ... मधीच लाईट परत आली तर पिल्लं उठतील म्हणून फ्यूज काढायला, स्टेजच्या मागनं? ... आन् मी दिसले. अंधारात? ... रस्त्यावरल्या गाड्यांच्या उजेडात. मग आत का आला न्हाईत? हाक का मारली न्हाय? आन् सालभर लोकांना सांगत सुटलात मीच, मीच, आन् मला एका शब्दानं —

...

'तू आयकत हुतीस.'

...

पाव्हणं, तुमी निघा आता. शेवटची एस्टी जाईल. नाटकाचं व्हय म्हणून कळवा मंडळाला — व्हय, मीच सांगतीया, ह्ये काय न्हाय म्हणत न्हाईत. च्या ऱ्हायला, पुढच्या बारीला घ्या. तिकडनं न्हाय, तुमच्या चपला हिकडं हायत.

दार वढून घ्या जाताना.